आईच्या थडग्यावरचे निळे आयरिस

लोअर टिकल, न्यूफाउंडलंड
१८ जून १९७२

ब्रायडीताईस फॉन्सचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? बॉस्टनच्या हवेत खारेपणा नाही, तिथे खोकणारच माणूस. इकडे मी धडधाकट (कंबर सोडून), आणि तुझी भावजय सुसान बरी आहे (माझ्याशी बोलत नाही, एवढंच).

तू जुलैत येतेस, आईच्या थडग्यावरची आयरिसची फुलं बघायला. वाचून आनंद झाला आणि घामही फुटला. त्याचं असं झालं ताई, की गेल्या वर्षी मे महिन्यात मी कंद लावले. आता आईसाठी लावायचं म्हणजे हात आखडून कसं चालेल? दोन पाट्या शेणखत घातलं. जूनमध्ये कॅपलिनचे छोटे मासे किनाऱ्यावर लोळायला लागले, तेव्हा बटाट्याच्या वाफ्याला घालतो तसे चार बादल्या मासे पुरले. नेमकं त्याच आठवड्यात म्हाताऱ्या अँब्रोज कीहोचं दफन शेजारीच होतं. गावातली झाडून सगळी कुत्री हजर! फादर प्रार्थना म्हणतायत, डोक्यावर सीगल पक्ष्यांची किरकिर, आणि कीहोंचाच कुत्रा तोंडात सडका मासा घेऊन थेट विधवेच्या पायाशी. (ती रडताना हसली. फादर मात्र हसले नाहीत. तेव्हापासून मला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसवतात.)

पानं आली, कांद्याच्या पातीसारखी जाडजूड. फूल एकही नाही. शेजारची फिलोमिना मावशी बघायला आली आणि म्हणाली, "अरे मेल्या, त्याला खडक हवा, खारं वारं हवं. तू लग्नाचं जेवण काय वाढतोस? बेटावरच्या घरी तुझी आई भांड्यांचं खारट पाणी फेकायची त्यावर, बाकी काही नाही!" खरंच गं. मी रोज बघत होतो आणि कधी पाहिलं नाही. हिवाळ्यात सगळे कंद कुजले.

लहानांना आशीर्वाद आणि पापे.

तुझा,
फॉन्स

ता. क. : मागच्या पत्रात "जाणारे-येणारे थबकून फुलं बघतात" असं लिहिलं होतं. ते पुसून टाक. थबकायचे, पण वासाने.

ता. क. २ : ते कंद आपल्या बेटावरच्या दारातले नव्हतेच. रस्त्याकडेच्या चरातले होते. सगळं गाव बेटावरून हलवायच्या सरकारी कागदावर आपल्या घरची सही मी केली, ती आईला न विचारता. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "फुलं बघायला नेशील ना रे?" दर जुलैत नेतो म्हणालो. त्यानंतर तिला तीन जुलै मिळाले, आणि मला तिन्ही वेळा काम होतं. ती गेल्यावर मी तीनदा बोट काढली. टोकाला वळसा घातला की आपल्या दाराची पायरी दिसते, तिच्याशेजारी तो निळा रंग. तिथूनच परत आलो.

ता. क. ३ : म्हणून तू ये, खरे कंद आणायला बेटावर जाऊ. फावडं मी घेतो, भाकरी सुसान देईल. सुकाणू मात्र तू धर. माझ्या हातात असलं की ते परत फिरतं.