कॉनीलींचं देवक

पहूर, ता. जामनेर
दि. २ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप गं. भा. मंजुळाअक्का हिचे चरणी धाकटा भाऊ लोटन याचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण तुझे कान. फोन केला की तू धुळ्याहून आधी 'कोण गेलं?' असंच विचारतेस, आणि मी ओरडून सांगायला लागलो की सगळी गल्ली ओट्यावर येऊन बसते. आजची गोष्ट गल्लीला ऐकवण्याजोगी नाही, म्हणून पोस्टाचं तिकीट लावलं.

आपली रूपाली, माझ्या दीपकची एकुलती, आयर्लंडात गॉलवे गावी दवाखान्यात नर्स आहे हे तुला ठाऊक. तिने तिथलाच मुलगा पसंत केला. नाव कोल्म, आडनाव कॉनीली. होड्या दुरुस्त करतो. सव्वीस एप्रिलला लग्न ठरवलं आणि मग बापाला फोन केला. दीपक ऐकून घेत होता. शेवटी एवढंच बोलला, की ज्याच्या ना कुळाचा पत्ता ना मुळाचा, त्याच्या घरी माझी पोर गेली तर ती मला मेली. फोन ठेवला, अंगणातल्या नळाखाली बादली भरली आणि ऐन थंडीत कपड्यांसकट डोक्यावर ओतून घेतली. तिच्या नावाची आंघोळ केली गं अक्का. कोकिळा पंचा घेऊन उभी. द्यावा तर आंघोळ मान्य केल्यासारखं, न द्यावा तर नवरा कुडकुडतोय.

मी रात्रभर विचार केला. कूळ आणि मूळ हीच अडचण असेल तर ती शोधता येते. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, पण हा काही ऋषी नाही, होड्यांचा सुतार आहे. आपल्यात सोयरीक करताना विचारतो ते सगळं मी रूपालीला विचारलंय: आडनाव कुठून आलं, मूळ गाव कोणतं, देवक काय. फोनवर नको, कागदावर लिही म्हटलं. फोनवर दीपक घरात असला की मी नुसतं हं हं करतो.

खरी काळजी पुढेच आहे. देवक बसल्याशिवाय आपल्यात लग्नाला लग्न म्हणत नाहीत. पाटावर जोडपं लागतं. आमची लता गेली, तुझ्याकडे दाजी गेले. तुझी माझी वयं जोडली तर दीडशे भरतात, पण आपल्या देवकाची, कळंबाची एक डहाळी पाटावर ठेवायचा अधिकार आपल्या दोघांना मिळून नाही. ते दीपक-कोकिळानेच करायचं. तो बसला नाही तर पोरीचं लग्न आपल्या घरापुरतं बिनदेवकाचं. काहीतरी सुचव.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा लोटन


धुळे
दि. ११ फेब्रुवारी २०२५

चि. लोटनभाऊस मंजुळाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अक्षर अजून तसंच, कोंबडीने उकरल्यासारखं.

माझ्या लग्नाच्या वेळी आपल्या बापाने, पुनाआबाने, दोन महिने बैलगाडी जुंपून माझ्या सासरचं कूळ शोधलं होतं. लिहायला पाटील, पण सगळेच पाटील, म्हणून खरी कुळी विचारायची. मग आजोळ, मग देवक. सगळं जुळलं. तुझे दाजी घोरतात हे मात्र कुणी विचारलं नाही. चव्वेचाळीस वर्षं ऐकलं, म्हणूनच हे कान गेले.

चेष्टा राहू दे. विचारतोस ते बरंच करतोस. दीपक लहान असताना सुट्टीत माझ्याकडे असायचा. हट्ट करून बसला की नुसता रागावून उठायचा नाही, आधी त्याला उठायला कारण द्यावं लागायचं. माणूस मोठा होतो, खोड मोठी होत नाही. त्या मुलाच्या घरातून एखादं कारण सापडलं तर बघ. आणि एक लिहून ठेव, बाप काही म्हणो, पोर आपली शे.

पाटावर बसायचं म्हणशील तर मी काय सांगू. मला तर हळदीला हात लावायला बोलवत नाहीत, तुला निदान पंगतीत पहिलं ताट मिळतं.

जीव सांभाळून राहा, आणि मला आठवणीत ठेवायचं विसरू नकोस.
तुझी अक्का


गॉलवे
दि. १ मार्च २०२५

ती. आबांना रूपालीचा सा. न. वि. वि.

आबा, तुम्ही विचारलंत ते घेऊन मी कोल्मच्या आजीकडे गेले. तिचं नाव ब्रीज. वय चौऱ्याऐंशी. मुलगा काय कमावतो हे न विचारता माझे आजोबा आडनावाचं मूळ विचारतात, म्हटल्यावर तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाली की या घरात सून येणार तर असं विचारणारं माणूस आधी पाहिजे होतं.

कॉनीली हे इथल्या पश्चिम किनाऱ्यावरचं आणि समोरच्या बेटांवरचं आडनाव. ही माणसं खडकाळ जमिनीवर बटाटे लावायची आणि मासे धरायची. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी बटाट्यावर रोग पडला, सगळं पीक कुजलं, आणि हजारो लोक बोटीत बसून अमेरिकेला गेले. तुमचे पणजोबा दुष्काळात धुळ्याकडचा पांझरेचा काठ सोडून पहूरला आले, ती गोष्ट मी आजीला सांगितली. तिने विचारलं, परत गेले का? मी म्हटलं नाही, पण पणती तिकडे दिली. म्हणजे पपांची मंजुळाआत्या. आजीला ते फार आवडलं.

गावात कॉनीली इतके, की नुसत्या आडनावावर कुणी सापडत नाही. म्हणून नाव, पुढे बापाचं, पुढे आजोबाचं. आमचा कोल्म मायकल शॉन. मी म्हटलं, मी रूपाली दीपक लोटन.

आता देवक. समुद्रात सील असतो. कुत्र्यासारखं तोंड, अंगावर मऊ लव, खडकावर ऊन खात पडतो. फार पूर्वी यांच्या कुळातली काही माणसं सील झाली, असं सांगतात. म्हणून खऱ्या कॉनीलीने सील मारायचा नाही. सीलची पोरं म्हणून लोक चिडवायचे, त्याला कंटाळून कुणी कुणी आडनाव बदलून कॉनली लावलं म्हणे. कोल्मच्या पणजोबांनी नाही बदललं.

आणखी एक आजीने सांगितलं. जुन्या काळी कुणी अमेरिकेला निघालं की आदल्या संध्याकाळी सगळं गाव त्या घरी जमायचं. जेवायचे, गायचे, आणि मेलेल्या माणसासाठी रडावं तसं त्या जाणाऱ्यासाठी रडायचे. कारण परत भेट नाही हे ठरलेलंच. आजीच्या आत्यासाठी असेच रडले. ती पुन्हा कधी आली नाही.

आबा, लग्न नोंदणीने आहे, मग आजीच्या घरी जेवण. मला पपांकडून काही नको. फक्त त्या दिवशी घरी देवक बसलं एवढं मला कुणीतरी सांगा. आई फोनवर बोलत नाही, नुसती रडते.

तुमच्या मायेवर माझा हक्क अजून आहे ना, तो तसाच ठेवा.
तुमची रूपाली


पहूर
दि. १७ मार्च २०२५

ती. गं. भा. अक्काच्या सेवेशी लोटनचा सा. न. वि. वि.

माझ्या हाताने घात झाला. ऐक.

रूपालीचं पत्र आलं. ते तुलाही झेरॉक्स काढून सोबत पाठवतोय. वाचून मला इतका आनंद झाला की केळीच्या बागेत एकटाच हसत फिरलो. सापडलं म्हटलं. आपण कळंब तोडत नाही, ते सील मारत नाहीत. आपण बापाचं नाव लावतो, तेही लावतात. आणि लोकांच्या चिडवण्याला भिऊन ज्यांनी आडनाव टाकलं नाही, अशा घराला बिनकुळाचं कोण म्हणेल?

जेवणं झाल्यावर दीपकला म्हटलं, बस, वाचतो. तो बसला. नको म्हणाला नाही, हेच मला मोठं वाटलं. दुष्काळाचं ऐकताना मान हलवली. सीलचं वाचलं तेव्हा त्याने विचारलं, केवढा असतो? मी हात पसरून दाखवला. कोकिळा भांडी घासायची थांबून दारात आली. अक्का, तिथे मी थांबायला हवं होतं. पण मला चढलं होतं. मी पुढे वाचत गेलो, आणि ते अमेरिकेला जाणाऱ्यासाठी रडण्याचंही वाचलं.

दीपक म्हणाला, "बघा आबा. तेही हेच म्हणतात. गेलं ते मेलं. मग मी काय वेगळं केलं?"

आणि उठून गेला. कागद माझ्या हातात. जन्मभर वाचनाची हौस केली, लोकांची पत्रं वाचून दिली, आणि घरातलं एक पत्र कुठे मिटायचं हे कळलं नाही. आता त्याला कारण मिळालंय, पण उठायचं नाही, बसून राहायचं. आणि ते मीच आणून दिलं. आता त्याच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कोकिळाला विचारलं, तू एकटी काही बोल. ती म्हणाली, आबा, माझं ऐकलं असतं तर त्या दिवशी पंचा तरी घेतला असता.

चैत्र तोंडावर आला. ऊन चढतंय. मला काही सुचत नाही, तुझ्याशिवाय विचारायला कुणी नाही.

रागावलीस तरी चालेल, पण परकं करू नकोस.
तुझा लोटन


धुळे
दि. २७ मार्च २०२५

चि. लोटनभाऊस आशीर्वाद.

घात बित काही नाही, तू वाचायला लागलास की तुला थांबता येत नाही हे मी तू दुसरीत होतास तेव्हापासून जाणते.

पण दीपकने ते अर्धंच ऐकलं. ती माणसं रडली रे. पोटभर जेवू घातलं, मग रडली. ज्याच्यासाठी गाव रडतं तो मेलेला नसतो, तो आपला असतो. आपला दीपक रडला का? नुसती बादली ओतली. अर्धं सुतक कुणी धरतं का?

आता मी सांगते ते कर. लग्नानंतर चारच दिवसांनी आखाजी आहे. आखाजीला आपण गेलेल्यांच्या नावाच्या घागरी भरतो. आपल्या पुनाआबाची भरतोस, लताची भरतोस. दीपकला शांतपणे विचार. ओरडू नकोस, टोमणा मारू नकोस. तो मेली म्हणतो ना, मग तिना नावनी घागर भरू का, इचार त्याले.

विचारताना तुझ्या जिवाला लागेल. लागू दे. आखाजीलाच लेकी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात. एकाच दिवशी दोन्ही असतं. तिला कशात धरायचं ते बापानेच ठरवावं.

एवढं करून तो पाटावर बसेल असं मला वाटत नाही. मी म्हातारी आहे, खुळी नाही.

गुडघे दुखतात, पण माया चालती आहे. ती तिकडे येतेच.
तुझी अक्का


पहूर
दि. २९ एप्रिल २०२५

ती. गं. भा. अक्काच्या चरणी लोटनचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुला आखाजी उलटल्यावर मिळेल, तरी आजच लिहितो.

तू सांगितलंस ते विचारायला मला तीन आठवडे लागले. रोज ताटावर बसायचो, रोज दुसरंच काही बोलून उठायचो. शेवटी लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी विचारलं. तो भाकर मोडत होता. हात तसाच राहिला. माझ्याकडे बघितलं नाही, कोकिळाकडेही नाही. तुकडा ताटात ठेवला, पाण्याने हात धुतला आणि गोठ्यात गेला.

सव्वीस तारखेला सकाळी मी कळंबाखाली पडलेली पानं आणि एक वाळकी डहाळी आणली. ओली तोडायची तर जोडप्याने पुजून तोडायची असते. पाट धुतला. सूप, तांदूळ, सुपारी मांडली आणि मांडून बाजूला उभा राहिलो. विधुराने पुढे काय करायचं? दीपक खोलीतून बाहेर आला, पाट बघितला, पायात चप्पल घातली आणि मोटर चालू करायला मळ्यात निघून गेला. मी हाक मारली नाही. हाकेने माणूस वळतो, मन वळत नाही.

मग कोकिळा आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली. पाटाच्या अर्ध्यावर बसली. नवऱ्याची जागा तशीच मोकळी सोडली. गाठ मारायला पदर काढून हातात धरला आणि तशीच बसून राहिली. मी म्हटलं, सूनबाई, एकटीने चालत नाही. ती म्हणाली, "मला माहीत आहे आबा. मी बसते."

रूपालीचा फोन आला तोवर उन्हं कलायला लागली होती. पडद्यावर ती, तिच्या मागे तो उंच मुलगा, आणि खुर्चीत ती ब्रीज आजी. आजीने मला हात जोडले, रूपालीने शिकवलं असणार. रूपालीने एकच विचारलं, देवक बसलं का? खोटं तोंडाशी आलं होतं. पण देवकाचं खोटं बोलवलं नाही. मी म्हटलं, तुझ्या आईने अर्धं बसवलंय. तिने फोनमधून आईकडे पाहिलं.

अर्धं बसलेलं देवक उठवायचं कसं, हे कुणालाच माहीत नाही. ते अजून तसंच आहे. पानं सुकली.

दीपक त्या दिवसापासून कामापुरतं बोलतो. आज बाजाराचा दिवस. उद्याची तयारी म्हणून तो डांगर, आंबे आणि कुंभाराकडच्या घागरी आणायला मोटारसायकलवर गेला. किती आणायच्या ते मी सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. तो जाईपर्यंत मी ओट्यावर होतो. तो येईपर्यंतही तिथेच होतो, कोकिळा दाराच्या आत.

दुपारी आला. गवत घालून पोत्यात बांधलेल्या होत्या. मीच पुढे होऊन गाठ सोडली. एक काढून कोकिळाच्या हातात दिली. दुसरी दिली. पोत्यात हात घालून तळापर्यंत चाचपलं. गवतच होतं.

दीपक पाणी पीत उभा होता. म्हणाला, "दोनच लागतात ना आपल्याला."

पत्र मिळाल्याचं कळव, आणि आमच्या घरावरची तुझी सावली तशीच असू दे.
तुझा लोटन