न मागता झालेली निवड परत घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रवेशप्रमुख,
हॅल्वर्सन कॉलेज, ओहायो.

विषय : माझी नात मारित हिला न मागता पाठविलेला 'झटपट प्रवेश अर्ज' परत घेण्याबाबत.

संदर्भ : आपले सोनेरी शिक्क्याचे पत्र व त्यामागोमाग आलेली स्मरणपत्रे (मोजणे सोडून दिले आहे).

महोदय,

मी, आर्डिस टॉलेफसन, राहणार एल्क फोर्ड, मिनेसोटा, येथील लुथेरन चर्चच्या शिवण मंडळाची अध्यक्ष, सविनय कळविते की,

१) माझी नात मारित यंदा बारावीला आहे. तिने आपल्याकडे काहीही मागितले नव्हते. तरी ऑक्टोबरात आपले पत्र आले : "अभिनंदन! आपली खास निवड झाली आहे. निबंध नको, फी नको, फक्त सही करा." निवड झाली म्हणजे प्रवेश मिळाला, असे मी समजले. कोणीही शहाणी बाई हेच समजेल. रविवारी प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी मी ते सर्वांना सांगितले.

२) आमच्या चर्चची रीत अशी की, शाळा संपविणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्या कॉलेजच्या रंगांची गोधडी द्यायची. आपले रंग जांभळा आणि नारिंगी. हे कोणी ठरविले याची चौकशी व्हावी. तरीही मंडळाने तोंडातून ब्र न काढता गोधडी शिवली. श्रीमती बर्निस लुंड यांनी तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलून तिच्या कडा पूर्ण केल्या.

३) मग उलगडा झाला. शेजारच्या श्रेडरांच्या कोल्बी व कोडी यांनाही हेच पत्र आले. "तुमच्यासारखे दुसरे कोणी नाही" असे आपण दोघांनाही कळविले आहे. महोदय, ते जुळे आहेत. त्यांची आईसुद्धा त्यांना बुटांवरून ओळखते. त्यांच्या 'असामान्य शैक्षणिक कामगिरी'बद्दल वाचून त्यांचे वडील खुर्चीतून पडता पडता वाचले. दोन्ही पत्रे सोबत जोडली आहेत. फरक सापडल्यास कळवावे.

४) गंमत इथेच संपती तर मी शाई वाया घालविली नसती. मारितला राज्य विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकायचे आहे. त्यासाठी तिने उन्हाळाभर बसून एक निबंध लिहिला. तिचा बाप ज्या खडीच्या खाणीत ट्रक चालवतो, तिथल्या दगडांवर. फाडला, पुन्हा लिहिला. आणि परवा मला म्हणते, "जाऊ दे गं आजी. सगळ्यांनी एवढी मेहनत केलीय, गावभर झालंय. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू? करते सही, जाते तिकडे." चार बायकांच्या टाक्यांपायी पोर स्वतःचे आयुष्य बांधून घ्यायला निघाली होती.

५) सबब विनंती की, "मारितची निवड झालेली नाही" असे आपण लेखी कळवावे, म्हणजे मला ते चर्चच्या फळ्यावर लावता येईल. आपल्या कार्यालयातील एका गोड आवाजाच्या मुलाने फोनवर सांगितले की, अर्ज केल्याशिवाय नकार देता येत नाही, आणि अर्ज केल्यास प्रवेश मिळेलच. अहो, हा कुठला न्याय?

६) इथवर लिहून होते तोच मारितने माझ्या खांद्यावरून सगळे वाचले. आधी खो खो हसली, मग "आजी, नाही म्हणायला ह्यांची परवानगी कशाला हवी?" म्हणाली, आणि कोट चढवून चर्चच्या तळघरात गेली. मी मागोमाग. तिथे मंडळाच्या सुया चालू होत्या. सर्वांसमोर उभी राहून, कान लाल झालेले, तिने सांगितले की मी तिकडे जाणार नाही, माफ करा. मग बर्निसबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई! तो नारिंगी रंग बघून डोळे दुखत होते, मला वाटलं मोतीबिंदूच वाढलाय."

७) तरी कलम ५ मधील विनंती रद्द समजावी. आपण काही करू नये, एवढेच करावे. राज्य विद्यापीठाचा लांबलचक अर्ज मारितने काल भरून पाठविला, फीसकट, निबंधासकट. तिथून नकारही येईल, पोरगी ते जाणून आहे. पण तो तिचा निबंध वाचून दिलेला असेल.

आपली, राग असूनही नम्र,
(सही)
आर्डिस टॉलेफसन
एल्क फोर्ड, ३ डिसेंबर