केळीच्या मळ्यातले कोष

१२ सप्टें.
पोलिसांचा फोन आला. बी.एस्सी.चा कीटकशास्त्राचा तास सोडून मुक्ताईनगरला. केळीच्या मळ्यात राखणदार भागवत यांचं प्रेत. डोक्यात घाव. हवालदार वरवरच्या अळ्याच गोळा करत होता. फौजदारांनी वाळली पानं बाजूला सारून बोटभर माती उकरली. खाली तपकिरी कोष! म्हणाले, "मॅडम, तुमच्या व्याख्यानात ऐकलं होतं, अळी पोट भरलं की मातीत जाते." बरं वाटलं. कोणीतरी ऐकतं.

१३ सप्टें.
धुळ्याला परत, देवपूरच्या कॉलेजात. कोष पेटीत, तापमान मळ्याइतकंच. प्रयोगशाळेतले नाना तासातासाला नोंद घेतात. वास येतो, कुरकुर नाही. नाना नसते तर...
मजूर हिरामण अटकेत. ९ला संध्याकाळी मळ्यात शिरताना दिसला म्हणे. महिन्याच्या सुरुवातीपासून ८ तारखेपर्यंत तो इथेच, धुळ्यात, बायकोच्या बाळंतपणाला.

१६ सप्टें.
सकाळी नाना धावत आले. "म्याडम, निंघी ऱ्हायन्यात!" निळ्या-हिरव्या माश्या, पंख अजून चुरगळलेले. या उष्म्यात अंड्यापासून इथवर दहा दिवस. दोनदा मोजलं. म्हणजे अंडी ६ची. भागवत त्याआधीच गेलेले. तेव्हा हिरामण धुळ्यात.
ज्यांना आयुष्यभर हाकललं, त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

१८ सप्टें.
अहवाल दिला. नानांचं नाव मुद्दाम घातलं. त्यांनी ते वाचलं आणि पेढे आणले.

२५ सप्टें.
हिरामणला जामीन. खटला आहेच, साक्षीला जावं लागेल.
कोर्टाच्या व्हरांड्यात भागवत यांच्या पत्नी भेटल्या. वाटलं, चिडतील.
"ताई, सात तारखेला त्यांचा फोन लागला नाही. आम्ही भांडलो होतो. मी रागात बसले, मळ्यात गेले नाही. मी गेले असते तर ते वाचले असते का?"
प्रेत सापडल्यापासून तेरा दिवस हे पोटात घेऊन बसलेली बाई.
"नाही, अक्का. सात तारखेला ते नव्हतेच. तुमच्याकडून उशीर झाला नाही."
बाकावर बसल्या. पदर तोंडाला लावून खूप रडल्या. मग माझा हात धरून, "देव तुमचं भलं करो."
थोड्या वेळानं, "मग मारलं कोणी?"
ते माश्या सांगत नाहीत. फौजदार म्हणतात, शोध चालू आहे. मी बसून राहिले, त्यांच्या एसटीची वेळ होईपर्यंत.