चौसष्टच्या पुढची रॅम

७ फेब्रुवारी १९९८, शनिवार

चोर म्हणाला मला! हुसेनशेठ. चारचौघांत, कारखान्याच्या दारात, लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून — "असली रॅम काढलीस, नकली घातलीस. आणखी कुणाकुणाला असं फसवलंस, बोल."

सहा वर्षं त्याच्या डिझाइन ऑफिसचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. ईद झाल्यावर त्याची मुलगी हबीबा म्हणाली, "रामदासभाई, साडीचं मोठं डिझाइन उघडताना मशीन रडतं." चौसष्ट एमबी रॅम होती, मी आणखी चौसष्ट बसवली. दुप्पट. आणि मशीन आधीपेक्षा हळू झालं. हळू! जास्त वाढलं म्हणून कुणी उपाशी राहतं का?

शेठ म्हणतो, शुक्रवारपर्यंत असली माल लाव, नाहीतर सगळ्या कारखानदारांना सांगतो. त्याने सांगितलं की माझं दुकान बंद. त्यांच्याशिवाय कॉम्प्युटर आहेत कुणाकडे इथे?

८ फेब्रुवारी

शेठ दुकानात आला. म्हणे, "तुझ्या देवाची कसम खा, विषय खतम." त्यांच्याकडे असंच मिटवतात. मागे सुताचे कोन गायब झाले तेव्हा लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरने कसम खाल्ली, दुसऱ्या दिवशी कामावर.

मी म्हटलं, आम्ही देव मानत नाही.

"मग तुझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेव."

तेही नाही म्हटलं. शपथ कशाला, मशीन उघडून बघू ना. शेठ हसला — "जिसके मन में चोर, वही कसम से डरता है."

घरी चंद्रा म्हणते, "घेऊन टाकायची. दोन शब्दांनी काय झिजतं तुमचं?" बायकोनेच असं बोलावं? तिच्यावर ओरडलो. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या बापाचा मुलगा मी, आणि मशीन चालेना म्हणून शपथा घेत फिरू? ताटावरून उठलो. नंतर भूक लागली, पण मागितलं नाही.

१० फेब्रुवारी

रॅम बदलून पाहिली. तेच. मुंबईच्या दुकानदाराला फोन केला. "माल एकदम ओरिजिनल है, आपके लगाने में गडबड होगी." वा. ह्यालाही मीच सापडलो.

मग मशीनच्या मदरबोर्डाच्या मागे लागलो. प्रोसेसर दोनशे मेगाहर्ट्झवर पळतो, पण रॅमपर्यंतचा रस्ता, म्हणजे बस, सहासष्टचीच. वेग ठरवणारी बोर्डावरची टोपी, जंपर, हलवून पंचाहत्तरवर नेली. पाच मिनिटांत मशीन लटकलं. परत सहासष्ट. डोकं भणभणलंय.

११ फेब्रुवारी

दुकानात दुरुस्तीला ठेवलेली दोन मशीनं मालक येऊन उचलून घेऊन गेले. एकाने तर झाकण उघडून आत सगळं आहे का ते बघितलं. माझ्यासमोर. शेठने शुक्रवारचीही वाट पाहिली नाही.

१२ फेब्रुवारी

सापडलं. बोर्डाबरोबर येतं त्या पुस्तकात, शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

प्रोसेसर दर वेळी रॅमपर्यंत जात नाही. नेहमी लागणारं सामान कॅशमध्ये हाताशी असतं, ओट्यावरच्या डब्यात असावं तसं. पण ह्या बोर्डाचा चिपसेट पहिल्या चौसष्ट एमबीपुरतीच ही सोय करतो. त्यापुढच्या रॅमला डबाच नाही — चिमूटभर मीठ लागलं तरी माळ्यावर चढा. आणि हे मेलं विंडोज रॅम वापरायला घेतं ते वरच्या टोकाकडून! म्हणजे सगळं काम माळ्यावरच. रॅम असली, बोर्ड चांगला, तरी मशीन हळू.

मोठ्या अक्षरांत छापायला काय धाड भरली होती ह्यांना?

आणि मला? हा बोर्ड वर्षापूर्वी मीच बसवला. जंपरचं पान बघितलं की पुस्तक खोक्यात टाकायचं, अशीच सवय. आम्ही सगळे दुरुस्तीवाले असेच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लूम बंद. जुम्म्याची नमाज पढून शेठ ऑफिसात आला. मी हबीबाला तेच डिझाइन उघडायला सांगितलं, शेठच्या हातात घड्याळ दिलं. तीन मिनिटं दहा सेकंद. नवी रॅम काढली. दोन मिनिटांच्या आत. शेठने तीनदा करून घेतलं. तीनदा तेच.

घड्याळ परत दिलं. मग, "चुकलं माझं, रामदास. सगळ्यांना मीच सांगतो." सहा दिवस चोर, आणि आता खांद्यावर हात! बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कुणाला तरी फाडकन लगावावी असंच वाटत होतं.

निघताना हबीबाने विचारलं, "हाच बोर्ड तुम्ही अजून कुठे लावलाय का?" म्हटलं, बघतो.

१४ फेब्रुवारी

दापोड्याला लावलाय. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये. दिवाळीत तिथे चौसष्टवर बत्तीस मीच वाढवली. ऑपरेटर मंदाबाई सांगत होत्या, तेव्हापासून मशीन हळू झालंय, मालाच्या पावत्या, बिल्ट्या, वेळेवर निघत नाहीत. तेव्हा मालकाने मला बोलावलं होतं. मी झाकणसुद्धा उघडलं नाही. सांगितलं — मशीनमध्ये काही नाही, बाईंनाच जमत नाही.

त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. मी तिथेच बसलो होतो.