चार वाजताचा खो

॥ श्री ॥
७८६

लातूर
रविवार, १८ सप्टेंबर २०२२

प्रिय सलीम,

तुला नमस्कार, घरातल्या थोरांना सलाम, लहानांना आशीर्वाद. इकडे माझं बरं आहे. तुमचं सगळ्यांचं बरं असावं अशी देवाजवळ मागणी.

वर श्री लिहिलं आणि हात आपोआप खाली सातशे शहाऐंशी लिहून गेला. तुझी अम्मी, हुसेनबी, माझ्या वहीवरचं श्री बघून म्हणायची, "भीमा, हमारा भी लिख दे, पेपर भारी जातोय." कॉलेजची तिन्ही वर्षं मी प्रत्येक पेपराच्या आधी दोन्ही लिहिलं. नंतर सवय सुटली. आज एकोणतीस वर्षांनी तुला पत्र लिहितोय तर ती परत आली.

आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, पत्रात आधी खुशाली, मग काम. म्हणून आधी खुशाली. मी इथं लातूरला एका ज्युनिअर कॉलेजात खेळाचा मास्तर आहे. नाव कुणी घेत नाही, सगळे पीटी सर म्हणतात. कॉलेजात दोन हजार पोरं आहेत, पण ती फक्त हजेरीपटावर. खरी पोरं सकाळी सहापासून क्लासला असतात. आमच्या मैदानाच्या अर्ध्या भागावर आता होस्टेल उभं आहे. उरलेल्या अर्ध्यात मी दोन खांब रोवले आहेत आणि रोज संध्याकाळी साडेपाचला पंधरा-सोळा पोरंपोरी खो-खो खेळायला येतात. तेवढ्यावर माझा दिवस चालतो.

चंद्रप्रभा, माझी बायको, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. मुलगा सर्वेश हैदराबादला नोकरीला आहे, रविवारी फोन करतो. एकट्यासाठी स्वयंपाक करवत नाही म्हणून पोरांच्या मेसमध्येच जेवतो. तिथं नवीन आलेले सगळे मला कुणाचा तरी बाप समजतात. परवा एकानं विचारलं, "काका, तुमचा पोरगा कोणत्या बॅचला हाय?" मी म्हणालो, "संध्याकाळच्या."

तुझ्याबद्दल मला थोडंफार कळत असतं. नांदेडला इतवाऱ्यात तुझं बायंडिंगचं दुकान आहे आणि आता पुस्तकांपेक्षा लातूरच्या क्लासच्या नोट्स जास्त येतात, हे एका विद्यार्थ्याकडून कळलं. हुसेनबी गेल्या तेव्हाही कळलं होतं. सलीम, मी आलो होतो. नांदेडच्या स्टँडवरून ऑटो केला, तुझ्या दुकानासमोर उतरलो. तू दुकानाच्या पायऱ्या उतरत होतास. आधी डावा पाय, मग भिंतीला हात, मग उजवा. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. तू वर बघायच्या आत मी वळलो. गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवलो आणि मुदखेडच्या गाडीत बसून गावी गेलो. गावात विचारलं तर सांगितलं, मातीला जाऊन आलो.

आता काम.

सोबत एक फॉर्म आहे. एकोणतीस सप्टेंबर ते एक ऑक्टोबर आमची खो-खोची टीम किल्लारीजवळच्या एका पुनर्वसन गावात जाते. दरवर्षी जाते. पोरं शाळेचं मैदान साफ करतात, खड्डे बुजवतात, भिंतींना चुना देतात, म्हाताऱ्यांची पडलेली कामं करतात, आणि संध्याकाळी गावच्या लेकरांना खेळ शिकवतात. क्लासवाल्यांना हे आवडत नाही, कारण दोन टेस्ट बुडतात. म्हणून पालकाची सही लागते. बाकीच्यांच्या सह्या मोबाइलवर फोटोनं आल्या. तुझ्या मुलीचा फॉर्म मी तिला दिलाच नाही. मीच पोस्टानं पाठवतोय.

हो, जिक्रा. जुलैत ती मैदानावर आली तेव्हा मला ठाऊक नव्हतं. चपळ पोरगी, एवढंच दिसलं. खो मिळाला की अशी सुटते की मागच्याचा हात तिच्या पाठीला नीट लागतही नसेल. मला वाटलं, हे उठणं मी कुठंतरी बघितलंय. मग गेल्या सोमवारी टीमच्या वहीत नोंद करताना तिनं वडिलांचं नाव लिहिलं.

तिनं माझं नाव तुला सांगितलं असेल का? नसेलच. पीटी सर एवढंच म्हणाली असेल. आणि सांगितलं असेल, आणि तरी तू तिला येऊ देत असशील, तर मग मला पुढं लिहिणं आणखी अवघड आहे.

त्याच सोमवारी खेळ सुरू व्हायच्या आधी आमची वैष्णवी तिला म्हणाली, "जिक्रा, तुझ्याखाली स्प्रिंग बसवलीय का गं? खो द्यायच्या आधीच उठून राहिलीस."

"आधी नाही उठत," जिक्रा म्हणाली. "पण मिळाला की थांबत नाही. अब्बूंनी शिकवलंय. ते एकदा उठले नव्हते, म्हणून त्यांचा गुडघा गेला."

"कोणत्या मॅचला?" बसवराजनं विचारलं. तो आमचा कॅप्टन.

"मॅच नव्हती. किल्लारीला, भूकंपाच्या वेळी. त्यांच्या दोस्तानं खो दिला होता, तरी ते बसूनच राहिले. म्हणतात, चूक माझीच होती."

"लई सुस्त होते की तुझे अब्बू!" बसवराज म्हणाला आणि सगळे हसले. जिक्राही हसली, पण थोडी. माझ्या तोंडात शिट्टी होती. मी शिट्टी वाजवली आणि खेळ सुरू केला.

तेव्हापासून सहा दिवस झाले. रोज सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात जातो. देवाला हे मी पूर्वीही खूप वेळा सांगितलंय. त्याला सांगणं सोपं आहे, त्याला आधीच ठाऊक असतं आणि तो कुणाला बोलत नाही. पण आता देवळात उभं राहिलं की पोरांचं हसणं ऐकू येतं.

म्हणून कागदावर लिहितो. तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याजवळ असावं.

भूकंप गुरुवारी पहाटे झाला. शुक्रवारी माधवराव सर आपली कॉलेजची टीम घेऊन निघाले. बारा खेळाडू आणि सोबत फावडी. गावात काय बघितलं ते लिहीत नाही. तुझ्याही डोळ्यांसमोर असेल. भामाबाईच्या घराची मागची भिंत तिरपी उभी होती आणि तिचा नवरा आत होता. सरांनी नियम केला, "एकजण भिंतीजवळ बसंल. दगड हलला की ओरडायचं, आतून आवाज आला की सांगायचं. दोन-दोन तासांची पाळी. बदली येऊन पाठीवर हात ठेवून खो म्हणंल, तेव्हाच उठायचं. मैदानावर उठता का आधी? मग इथं बी न्हाई." आपण सगळे "हाव सर" म्हणालो. तो आपल्याला शोभणारा नियम होता. दुसऱ्या कुणी ठरवला असता तर दोन तास झाले की माणूस उठून चहाला गेला असता.

रविवारी दोन ते चार तुझी पाळी होती. चार ते सहा माझी.

सोमवारी सकाळी औरंगाबादला विद्यापीठाच्या संघाची निवड होती. आपल्या दोघांची नावं होती. मी आदल्या दिवशी तुला विचारलं तर तू म्हणालास, "जा तू सरांना विचारून. मी न्हाई येत. इथून उठून खेळायला गेलो तर अम्मी घरात घेणार न्हाई." सरांना विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते. साडेतीनला पाण्याचा टेम्पो रिकामा होऊन लातूरला निघाला होता. बाकीची टीम गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी टेम्पोत चढलो. तुझी पाठ मला तिथून दिसत होती, सलीम. पांढरा बनियन, मातीनं तांबडा झालेला. पंचवीस पावलं असतील. टेम्पो थांबवून, पळत येऊन, पाठीवर हात ठेवून परत जायला एक मिनिट लागलं असतं. पण तू वळून विचारलं असतंस, "कुठं निघालास?"

मनाला सांगितलं की चार वाजले की उठेलच की. तुला ओळखत असून मी असं मनाला सांगितलं.

पुढचं मला भामाबाईनं सांगितलं, पंधरा वर्षांनी, मी पहिल्यांदा पोरं घेऊन तिकडे गेलो तेव्हा. म्हणाली, "लई म्हनलं रं त्याला, ऊठ बाबा, दिवस बुडाया आला, भिताड लई वंगाळ हाय. तर म्हनतो कसा, मावशी, बदली आला न्हाई अजून. तो येतोय, माझा दोस्त हाय." तिनं त्याला पाणी दिलं, म्हणजे तुला दिलं. तू ते बसूनच प्यायलास. मग जमीन हलली आणि भिंत आली.

मला ती ओळखत नाही. दरवर्षी विचारते, "ते नांदेडचं पोरगं चालतं का आता?" मी म्हणतो, चालतं.

निवड झाली माझी. तीन दिवसांनी पेढे घेऊन आलो तर कळलं तू दवाखान्यात आहेस. तिथं माधवराव सर तुझ्या खाटेजवळ बसले होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "भीमाशंकर, तू खो दिला होतास का?"

मी म्हणालो, "हाव सर. दिला होता. हाच उठला न्हाई."

सरांनी तुझ्याकडे बघितलं. तुझा पाय वर बांधलेला होता, तोंड सुजलेलं. तू माझ्याकडे बघितलंस, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग म्हणालास, "दिला व्हता सर त्यानं. मीच बसून राहिलो." आणि मला म्हणालास, "क्या रे भीमा, सिलेक्ट झाला ना? पेढे कहाँ हैं?"

तू एक पेढा खाल्लास. मी परत कधी आलो नाही.

त्या निवडीच्या प्रमाणपत्रावर मला पुढचं शिक्षण मिळालं, नोकरी मिळाली. हे मैदान, ही पोरं, सगळं त्यावरच उभं आहे. भूकंपग्रस्तांच्या सेवेबद्दल कॉलेजनं टीमचा सत्कार केला, त्यात मला शाल मिळाली आणि तुझी मी तुझ्या घरी पोहोचवतो म्हणून घेतली. ती अजून माझ्या ट्रंकेत आहे.

तू माझ्यासाठी एकदा खोटं बोललास हे मला ठाऊक होतं. मला वाटत होतं, ते त्या खाटेपुरतं होतं. पण तू ते घरी नेलंस. लेकीला सांगितलंस. तिला वाटतं तिचा बाप सुस्त होता.

इथं थांबतो. पुढचं उद्या मैदानावर बोलायचं आहे, ते झाल्यावर लिहीन.

मंगळवार, २० सप्टेंबर

काल सगळ्यांना खेळाआधी दोन खांबांमधल्या पाटीवर ओळीनं बसवलं आणि सांगितलं. ज्यांच्यासमोर हसू झालं त्यांच्यासमोरच सांगायचं होतं. तुला न विचारता सांगितलं, हा माझा आणखी एक गुन्हा समज. जिक्राचे अब्बू नियमानं बसले होते, खो मिळालाच नव्हता, द्यायचा तो माणूस मी होतो, आणि नंतर दिला म्हणून खोटं बोललो तोही मीच. एवढंच, याहून जास्त शब्द नव्हते.

बसवराज खाली मान घालून माती उकरत होता. वैष्णवी रडली. जिक्रा रडली नाही. तिनं विचारलं, "किती वाजेपर्यंत बसले होते, सर?"

"पावणेसहा."

तिनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "खेळ घ्या ना, सर. क्लासला जायचंय."

मी शिट्टी वाजवली. तिसऱ्या फेरीत वैष्णवीनं तिला खो दिला. पाठीवर हात पडलेला मी बघितला, खो सगळ्यांनी ऐकला. जिक्रा उठली नाही. माझ्याकडे बघत बसून राहिली. पळणारी समोरून निघून गेली, मला शिट्टी वाजवता आली नाही. मग ती आपली आपण उठली, बॅग घेतली आणि गेटमधून गेली.

आज ती आली नाही.

फॉर्म कोराच पाठवतोय. मुलीला माझ्यासोबत पाठवायचं की नाही, मुळात माझ्या मैदानावर ठेवायचं की नाही, हे तू सगळं माहीत असून ठरवावंस, एवढ्यासाठी पोस्टानं. सही केली नाहीस तर ते बरोबरच असेल. तिला शिकवायला दुसरा चांगला मास्तर मी शोधून देईन, तिचे पाय वाया जाऊ देणार नाही. शालही सोबतच्या पार्सलात आहे.

तीस तारखेला, शुक्रवारी, पोरं चुना देत असतील तेव्हा मी जुन्या गावात जाणार आहे. भामाबाईच्या घराच्या जागी आता बाभळी आहेत, पण जोतं दिसतं. चार वाजता जाऊन बसेन. ती पाळी माझी होती. तू यावंस असं म्हणायचा मला अधिकार नाही आणि मी म्हणत नाही. जागा तुला ठाऊक आहे.

हुसेनबींच्या कबरीवर माझ्या नावानं एक फूल ठेव, तुला वाटलं तर.

बदलीला न आलेला, तुझा,
भीमा

ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात जिक्रा मैदानावर आली. म्हणाली, "सर, अब्बूंचा फॉर्म द्या. मीच नेते नांदेडला." मी म्हणालो, हे पत्रही आहे. तिनं दोन्ही घेतलं. म्हणून यावर तिकीट नाही.