पट्ट्याचा नट कोणी ढिला केला

...तर पप्पा, मी सध्या काकांवर पाळत ठेवतेय, आणि हे तुम्हाला आवडणार नाही, माहितेय मला. काका म्हणजे तुमचे पार्टनर. तुम्ही दोघं रेवदंड्याच्या शेडमध्ये ट्रकची जुनी इंजिनं बोटींना बसवून द्यायचात. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. आता त्याच शेडमध्ये दोन सीटचं छोटं विमान उभं आहे. मी बनवलंय, तीन वर्षं लागली. त्याच्या नाकात एका जुन्या कारचं इंजिन आहे, ते काकांनी बसवलं. माझ्याकडे लायसन्स आहे, टेस्ट फ्लाइटचा कागद पण आलाय. रविवारी वर जायचं.

कारचं इंजिन फार जोरात फिरतं, पंख्याला तेवढा स्पीड चालत नाही. म्हणून मध्ये दोन पुल्या आणि एक जाड दातेरी पट्टा. त्या पट्ट्याचा सगळा ताण एका नटवर. तो ढिला राहिला तर इंजिन नुसतं ओरडणार आणि पंखा थांबणार. म्हणून मी नट टाइट केला की त्यावर लाल नेलपॉलिशची रेघ मारते, अर्धी नटवर, अर्धी बाजूच्या पत्र्यावर. कोणी हात लावला की रेघ तुटते. काका बघून म्हणाले होते, "आता नटांचा पण नट्टापट्टा करतेस काय गो?"

मंगळवारी सकाळी पट्ट्याच्या नटची रेघ तुटलेली होती.

आदल्या संध्याकाळी आम्ही इंजिन वीस मिनिटं चालवलं होतं. रेघ तेव्हा शाबूत होती, मी स्वतः बघितली. कुलूप नीट होतं आणि दुसरी चावी फक्त काकांकडे असते. मग मला एकेक आठवायला लागलं. मागच्या महिन्यात प्लगची वायर निघाली होती, तेव्हा काका म्हणाले उंदीर असेल. मी मानलं. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बोट बंद पडली तं नांगर टाकता येतो. वर काय टाकशील, बाय?" तेव्हा मी हसले होते. दोन दिवस मी काही बोलले नाही. ते चहा पितात आणि मी त्यांच्या हातांकडे बघत बसते.

आणि मला तो दिवस दिसतो. मी नऊ वर्षांची, शाळेच्या युनिफॉर्ममध्येच शेडमध्ये आलेय. कोणाचं लक्ष नाही बघून पाना घेते आणि एका बोटीच्या इंजिनाचा बोल्ट फिरवते. तुम्ही मारलं नाही. तुम्ही मला त्या बोटीच्या तांडेलासमोर उभं केलंत आणि सांगायला लावलंत, मी हात लावला म्हणून. "हात लाव," म्हणालात, "पण सांग. हा माणूस समुद्रात जाणार आहे." काका तिथेच उभे होते. म्हणजे हा नियम त्यांना माहीत आहे.

शेवटी काल विचारलं.

"व्हय, मीच ढिला केला," ते म्हणाले. अगदी सहज.

"का?"

"गरम पट्टा ताणलेला ठेवायचा न्हाय. बोट परत आली की ढिला करायचा, जाताना टाइट. तुझा बापूस असंच करायचा."

"मला सांगितलं का नाही?"

"त्यालाबी कधी सांगितलं न्हाय. त्याला माहीतच असायचं."

"आणि मी तसंच वर गेले असते तर?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "एवढा डाऊट हाय, तं रविवारी मी बसतो तुझ्या बाजूला."

पप्पा, तुम्ही पट्टा ढिला करायचात हे मला आठवत नाही. आईला विचारलं, ती म्हणाली, "मला काय माहीत, माझा त्या शेडशी काय संबंध?" म्हणजे हे खरं की खोटं सांगू शकणारे फक्त तुम्ही. पहिल्या उड्डाणाला विमानात एकच माणूस चालतो, पायलट. नियमच आहे तसा. तो कागद काकांसमोर टेबलावर आठवडाभर पडलाय, पण इंग्लिशमध्ये आहे. त्यांनी कोणाकडून वाचून घेतला का, हे मला कळत नाहीये. मी त्यांना नुसतं "बघू" म्हटलं आणि नियमाचं सांगितलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक अजून लिहिते. ती तुटलेली रेघ दिसली तेव्हा राग नंतर आला. आधी बरं वाटलं, की आता कदाचित रविवारी जायला नको.

तुम्ही त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलंत. तुम्हाला काय वाटतं, पप्पा, तो एकाच माणसाचा नियम नसता तर काका खरंच बसले असते का?