महालक्ष्म्यांना घर दाखवलं

२१ ऑगस्ट, गुरुवार

डॉ.बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा आणि गोळी घेतली की नाही तेही लिहा. म्हणून पुन्हा वही. गोळी स. घेतली, सं. घेतली.

सासूबाईंचा फोन आला होता. यंदा महालक्ष्म्या जुन्या रायपूरच्या घरी नाहीत, इथे, नवा रायपुरात, आमच्या सेक्टरातल्या फ्लॅटमध्ये बसणार. "तुमचं घर मोठं आहे. तू करशील नं? पाहू दे मले." काय पाहायचं आहे ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं.

प्रमोदने ऑफिसातून आल्यावर सांगून टाकलं. सगळं नीट पार पडलं तर आई मिनीला इथंच ठेवून जाणार. मिनी सात वर्षांची, माझी एकुलती एक, डिसेंबरपासून आजीकडे आहे. इथल्या शाळेचा फॉर्म त्याने आणूनसुद्धा ठेवलाय. फॉर्मवर नुसता हात फिरवला तर रडू आलं. म्हणजे परीक्षा आहे, सोळा भाज्यांची. देईन.

२३ ऑगस्ट, शनिवार

गोळी स., सं.

कामवाली सुकवारो भांडी घासून झाल्यावर म्हणाली, "तीजा बर मइके जावत हंव दीदी, आठ दिन म आहूं." घ्या. तीजेला छत्तीसगढची एक बाई सासरी थांबत नाही आणि आमच्या नेमक्या त्याच आठवड्यात महालक्ष्म्या. तिला माहेर आहे, तिने जावंच. मी काय, एकटी करीन.

दुपारी खाली उतरले. रस्ता इतका रुंद, की ओलांडेपर्यंत आपण कशाला निघालो ते विसरायला होतं. एक बस गेली, आत फक्त ड्रायव्हर. बिल्डिंगमध्ये चोवीस फ्लॅट, त्यातले नऊ भरलेले. उरलेल्यांच्या खिडक्यांना मी बघत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळची गोळी घेतली की सकाळी दहापर्यंत डोकं ओल्या गोधडीसारखं जड. हात थरथरतो. सासूबाईंच्या समोर असा हात दिसला की संपलंच. पुरण, आंबील, कथली, सोळा भाज्या, सगळं सोवळ्यात, पहाटे उठून. झोपाळू सुनेचं काम नाही ते.

संध्याकाळची बंद. फक्त विसर्जनापर्यंत. कोणाला सांगितलं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

स. हो. सं. नाही.

किती हलकं वाटतंय! पंखे पुसले, डबे घासले, पडदे धुतले. प्रमोद खूश. "अरे वा, अगदी पहिल्यासारखी झालीस." पहिल्यासारखी म्हणजे कधीसारखी ते विचारलं नाही.

एक गोष्ट. बेडवरची चादर सकाळी ताणून घातली होती. दुपारी पाहिलं तर भिंतीकडच्या बाजूला खळगा, कुशीवर निजल्यावर पडतो तसा. परत ताणली. कपडे वाळत घालून आले तर पुन्हा. प्रमोद मंत्रालयात. मांजर म्हणावं तर सहावा मजला. गादी जुनी झाली असेल.

डिसेंबरच्या आधी चार महिने मी तिथेच पडून होते, घर सासूबाई येऊन सांभाळत होत्या. नातेवाइकांत अजून कमरेचं दुखणं म्हणून सांगतात. झाकली मूठ.

३० ऑगस्ट, शनिवार

आल्या दोघी! मिनीची उंची वाढलीय. समोरचा दात पडलाय आणि तो पडताना मी नव्हते. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, तेही "आप" म्हणून. आप कशाला गं, मी काय शाळेतली मॅडम?

सासूबाईंनी येताच स्वयंपाकघर पाहिलं. डब्यांची झाकणंसुद्धा उघडून पाहिली. "चांगलं ठेवलं," म्हणाल्या. एवढंच, पण त्यांच्या तोंडून हे म्हणजे हारच गळ्यात.

सं. नाही. झोप चार तास, तरी थकवा नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

आमच्याकडची रीत अशी. सून सुपात दोन्ही मुखवटे घेऊन दारातून आत येते. पुढे कुंकवाची पावलं. सासू विचारते, "कोण आली?" सून म्हणते, "महालक्ष्मी आली." "कशाच्या पावलानं आली?" "सोन्याच्या पावलानं आली." मग देवीला सगळं घर दाखवायचं. प्रत्येक दारात सासू विचारते, "इथं काय दिसते?" उत्तर सुनेच्या तोंडून, पण ते देवीचं. नेहमीचंच. धान्य, दूधदुभतं, लेकरंबाळं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे.

प्रमोद थाळी वाजवत होता. मिनी मुठीने पावलं उमटवत पुढे. स्वयंपाकघराच्या दारात, "इथं काय दिसते?" "भरलेले रांजण, उतू जाणारं दूध." हॉलमध्ये, "पाहुणेरावळे, हसतं घर." मग बेडरूम.

"इथं काय दिसते?"

म्हणायचं होतं, सौभाग्य, लेकरंबाळं. मी म्हणाले, "कोणी तरी झोपली आहे."

माझाच आवाज. अगदी साधा, कोणी वेळ सांगावी तसा. आणि ती होती. भिंतीकडे तोंड, माझा बदामी गाऊन, पाय चादरीबाहेर.

थाळी थांबली. मग सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "लेकरंबाळं दिसते! चाल पुढं." आणि मला कोपराला धरून वळवलं. सूप पडलं नाही, ही देवीची कृपा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्रमोद दिवसभर माझ्याशी फार गोड बोलून राहिला. तो गोड बोलला की मला भीती वाटते.

सं. नाही. आता कशी घेऊ? घेतली तर उद्या उठणार कशी?

१ सप्टेंबर, सोमवार

पूजा झाली. पुरण मऊ, एकही पोळी फाटली नाही. दोघी ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या, माझ्याच दोन साड्या नेसून. नैवेद्य दाखवला की दार लोटून बाहेर थांबायचं असतं, त्यांना जेवू द्यायचं. आम्ही बाहेर उभे. मी हॉलच्या दाराकडे बघत नव्हते, बेडरूमच्या दाराकडे बघत होते.

दुपारी भांडी आवरताना सासूबाई आणि मी दोघीच. त्या आंबिलीचं पातेलं खरवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोणत्या कुशीवर होती?"

"भिंतीकडे," म्हटलं.

"हव." पातेलं खरवडणं चालूच. "माझीवाली बसून राहे. न्हाणीच्या दारात, केस मोकळे सोडून. तुझा नवरा पोटात होता तवापासून."

"मग? काय केलं तुम्ही?"

"काय करतो? तिले ओलांडून पाणी भरलं. कोणाले सांगितलं नाही. तूही नको सांगू, पोट्टी घरी पाहिजे न तुले?"

अजून दिसते का, हे विचारायची हिंमत झाली नाही. अकरा वर्षांत ही बाई माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि घर सोडून पळून जावंसंही वाटलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन झालं. अक्षता टाकून मुखवटे हलवले, साड्या उतरवल्या. सासूबाईंनी सर्वांसमोर सांगितलं, "मिनी इथंच राहीन. सून चांगली आहे माझी." प्रमोदचे डोळे भरले, माझेही. जिंकले. असं वाटलं एक तासभर.

मग दुपारी तीनला दागिने डब्यात भरत होते. मिनी बेडरूममधून आली. दार आवाज न करता लावलं, ओठांवर बोट.

"धीरे, मम्मी. सो रही हैं."

"कोण गं?"

"आप."

मी तिला जवळ घेतलं, विचारलं, तुला कसं माहीत. तिने समजावून सांगितलं, मोठ्या माणसासारखं. "दादी बोलती थी ना, मम्मी सो रही है, आवाज़ मत करना. मैं रोज़ देखने जाती थी. पैर बाहर रहते थे, तो चादर डाल देती थी."

ते चार महिने ती दारात येत होती. मला एकदाही दिसली नाही. एकदाही नाही.

"पण मी तर आता इथे आहे नं, बाळा? तुझ्यासमोर?"

तिने मला पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. "हाँ," म्हणाली. "आप भी."

आत जाऊन आले. बेडवर कोणी नाही. पायथ्याची चादर नीट आत खोचलेली होती, लहान हातांनी खोचल्यासारखी. ती उचलून पाहिली नाही.

सं. गोळी घेतली. आठ दिवसांनी.

४ सप्टेंबर, गुरुवार

स., सं. दोन्ही. डोकं पुन्हा जड. सासूबाई काल गेल्या. जाताना दारात नुसता माझा हात दाबला.

सुकवारो आली माहेरून, नवी साडी, हातभर बांगड्या. बेडरूम झाडायला गेली आणि निम्म्यातून बाहेर. विचारलं तर म्हणाली, "बाद म झाड़हूं दीदी, नोनी खेलत हे." मिनी आत एकटी खेळत होती. कुजबुजत. मध्ये थांबायची, कोणी उत्तर देत असल्यासारखी. पोरं खेळतात तशी. मीही खेळायचे. माझ्या आईला याची कधी भीती वाटली असेल का?

प्रमोद आज फॉर्मवर माझी सही घेणार, उद्या शाळेत द्यायचा आहे. गोळी सोडली होती, रविवारी जीभ घसरली नव्हती, आणि पोरीलाही दिसतं, हे त्याला सांगायला फक्त आजची संध्याकाळ आहे. सांगितलं की मिनी शनिवारी आजीकडे जाईल, आणि या वेळी मी परत मागू शकणार नाही. नाही सांगितलं की ती राहील. माझ्याजवळ. सासूबाई चाळीस वर्षं ओलांडून पाणी भरत राहिल्या तशी, ती सातव्या वर्षापासून.

लिफ्टचं दार वाजलं. मिनी धावत गेली, "पापा आए!" केवढ्या मोठ्याने ओरडली. या घरात परत आल्यापासून पहिल्यांदा. फॉर्म टेबलावर आहे, पेन माझ्या हातात.